मुक्या कळफलकावरची संथा

मधू,

तुझ्या तेराव्याला जे जे आले ते तुझ्याविषयी चांगलेच बोलले, आणि त्यांच्या बोलण्यातला मधुकर मला नीट ओळखू आला नाही. शांत, सोशिक, कधी कुणाला उलटून न बोललेला असा एक सत्पुरुष त्यांनी माझ्यापुढे उभा केला. मी मान हलवत राहिलो. जन्मभर माझ्याशी वाद घालत आलेला माझा धाकटा भाऊ त्यांत कुठे दिसेना.

थोरल्याने धाकट्याला तिलांजली द्यावी हा क्रम उलटा आहे. त्याविषयी ईश्वराशी भांडण्याइतके बळ आता माझ्यात नाही, आणि तुझ्याशी भांडायची सवय मात्र सुटलेली नाही. म्हणून तुलाच लिहितो. इतक्या वर्षांच्या सहवासातून मनात पुन्हा पुन्हा वर येते ते एकच प्रकरण: आपण दोघांनी एकेक अवयव आणून जोडलेला तो संगणक. गुरुगृही काय शिकलो, आईबाबा कसे गेले, हे सारे बाजूला राहते आणि डोळ्यांपुढे येते ती तुझ्या हातातली, कुठेच न बसणारी हिरवी पट्टी.

नवे राज्य झाले त्या वर्षी आपल्या ब्राह्मणपाऱ्यातल्या जुन्या घरांनाही भाडेकरू मिळू लागले होते. गावभर सरकारी पाट्यांवरचे राज्याचे नाव खोडून नवे रंगवणे चालले होते. रायपूर राजधानी झाले म्हणून लोक पेढे वाटत होते आणि तुझ्या टायपिंगच्या क्लासात एकेक खुर्ची रिकामी होत होती. बाहेरच्या खोलीत तुझी टंकयंत्रे आणि आतल्या खोलीत माझी चार-सहा मुलांची पाठशाळा, असा आपला दोन खोल्यांचा संसार. तुझ्या खोलीतला खडखडाट विरळ होत गेला तसा मला माझ्याच मुलांचा आवाज मोठा वाटू लागला. नव्या कार्यालयांत लिपिक घेणार होते, पण परीक्षा संगणकावर होणार होती. शंकर नगरात काचेच्या दाराची, थंड हवेची एक संस्था उघडली होती. तू एकदा मुद्दाम ती पाहून आलास आणि चपलाही न काढता माझ्या दारात उभा राहिलास.

"दादा, टाइपरायटर गेला."

"कोणते बिघडले?"

"बिघडलं नाही. सगळेच गेले. दुकान, कचेरी, कोर्ट, साऱ्या गावातून गेला. या साली कॉम्प्युटर नाही आला तर क्लास बंद. मग मी काय करू? तुह्या पोट्ट्यांसंगं संध्या शिकत बसू?"

मी म्हणालो, त्यातही वाईट काही नाही. तू हसला नाहीस. तेव्हा मला समजले की हा पोटापाण्यापुरता प्रश्न नव्हता. मास्तर म्हणून ज्या खोलीत आयुष्य उभे केलेस, ती खोली तुझ्या डोळ्यांदेखत कुणाचे तरी गोदाम होणार होती.

तयार संगणक घेणे आपल्या आवाक्याबाहेरचे होते. तू म्हणालास, सुटे भाग घेऊन जोडू, निम्म्यात होते. मग कोणता भाग आधी, कशावर खर्च करावा, कशात हात आखडावा, यावर आपला जो वाद सुरू झाला तो आजवर मिटलेला नाही. मी माझ्या विद्येला धरून बोललो. देहात जशी बुद्धी श्रेष्ठ आणि इंद्रिये तिच्या आज्ञेत, तशी या यंत्रातही उतरंड असली पाहिजे. तेव्हा त्याची बुद्धी, म्हणजे तुम्ही प्रोसेसर म्हणता ती, सर्वांत उत्तम घ्यावी आणि बाकी परवडेल तसे. तू शेंगा सोलत सगळे ऐकून घेतलेस.

"दादा, कितीबी हुशार पोट्टी आण. ती एक अक्षर दाबते अन् दुसरं दाबते, तेवढ्यात तो प्रोसेसर झोप काढून उठते. तो तिची वाटच पाहून राहते. त्याले एवढी बुद्धी कायले पायजे?"

"मग काय उत्तम घ्यायचे?"

"कीबोर्ड."

आतून शालिनी हसली. माझ्यासमोर मोठ्याने न हसण्याचा तिचा नेम त्या दिवशी मोडला. ती तुझ्याच क्लासातली विद्यार्थिनी, नंतर तुझी पत्नी. तुझे बोलणे माझ्याआधी तिला कळत असे.

वसंत पंचमीला सरस्वतीपूजन करून आपण दुकानात गेलो. मी बरोबर आलो ते केवळ कुतूहलापोटी. दुकानदार पोरसवदा, गोड बोलणारा होता. "अंकल, पहले प्रोसेसर बोलिए, बजट बोलिए. कीबोर्ड तो साथ में फ्री डाल देंगे."

"फ्रीवाला तुम रखो, भैया. मेरे को दबा के देखना है."

त्याने तीन-चार कळफलक पुढे मांडले. तू डोळे मिटलेस आणि दोन्ही हात ठेवून लिहू लागलास. दुकानातली माणसे पाहू लागली.

"अंकल, वो किसी में लगा नहीं है."

"मालूम है. उँगली तो लगी है ना?"

त्यातला सगळ्यांत जड, सगळ्यांत कुरूप कळफलक तू उचललास. त्याच्या कळा खोल जात आणि बोटाला परत ढकलत. घरी आल्यावर शालिनीने कागदाच्या बारीक चौकटी कापून त्यांवर टंकयंत्राच्या क्रमाने नागरी अक्षरे लिहिली आणि एकेक कळ डिंकाने सजवली. मग तू तो टेबलावर ठेवलास. त्याची तार कशालाच जोडलेली नव्हती. ती टेबलाच्या कडेवरून खाली लोंबत होती.

दुसऱ्या दिवशी उरलेल्या मुलींना तू त्यापुढे बसवलेस. लता नावाची एक साहूंची मुलगी होती, तोंडाने फटकळ. ती म्हणाली, "सर, इसमें तो कुछ दिखता ही नहीं."

"दिखेगा तो देखते बैठोगी. बोल-बोल के दबाओ."

"बोल के?"

"हव. जो अक्षर दबाया, वो मुँह से निकलना चाहिए. सामने कागज नहीं है, तो गवाह कौन? तेरा मुँह."

आणि मग, मधू, मी आत बसून जे ऐकले ते या घरात पूर्वी कधी ऐकले नव्हते. माझ्या खोलीत मुले संथा घेत होती. मी एकदा म्हणे, ती दोनदा म्हणत. बाहेरच्या खोलीतून मुलींचा आवाज येई: क, ह, र, स, य. पुन्हा क, ह, र, स, य. एकीचे बोट चुकले की तिचा स्वरच अडखळे, आणि तू मागून फक्त "फिर से" म्हणत असस. मीही माझ्या मुलांना तेच म्हणत असे, फक्त संस्कृतात. आपल्या दोघांची विद्या एकमेकींच्या इतक्या जवळची असेल हे मला त्या मुक्या कळफलकाने शिकवले. दारावरून जाणाऱ्या एका गृहस्थांनी तर मला रस्त्यात थांबवून विचारले, "शास्त्रीजी, आजकल लड़कियों को भी वेद पढ़ा रहे हैं क्या?" मी म्हटले, अर्धे उत्तर माझ्या भावाला विचारा.

शंकर नगरच्या संस्थेतली मुले या प्रकाराला हसत. तुझ्या मुलींना ते कळत होते. तरी त्या टिकल्या, कारण त्यांची बोटे चालू लागली होती.

पुढचा भाग अक्षय तृतीयेला घेतला. विजेची ती पेटी, तुमच्या भाषेत एसएमपीएस. सगळे तिथेच काटकसर करतात, असे दुकानदार म्हणाला. तू दोन पेट्या दोन हातांत घेऊन वजन जोखू लागलास.

"ही पोकळ आहे, दादा. रंग तेवढा चांगला."

"अंकल, तराजू मँगवाऊँ क्या?" दुकानदाराने थट्टेने विचारले.

"मँगवाओ."

आणि त्याला खरोखरच शेजारच्या किराणा दुकानातून तराजू आणावा लागला. आजवर तांदूळ-डाळच पाहिलेल्या पारड्यात वीज बसली. जी जड भरली ती तू घेतलीस, किंमत जास्त असूनही. उन्हाळ्यात पाऱ्यातले सगळे कूलर एकदम सुरू झाले की आपल्या घरातला दिवा पिवळा होऊन थरथरतो, हे तुला ठाऊक होते. परतताना वाटेत तू मला तुझी नीती सांगितलीस. "जे मागून बदलता येते ते हलकं घ्यायचं. जे बदलताना सारी मशीनच उसवा लागते, ते भारी घ्यायचं. अन् जे लागतच नाही, ते घ्यायचंच नाही." म्हणून गाणी वाजवणारे काही नको, सीडीची चकती फिरवणारे काही नको. साठवणीची तबकडी, म्हणजे हार्ड डिस्क, सर्वांत लहान, कारण अक्षरांना जागा लागत नाही. पेटारा सर्वांत स्वस्त. त्याच्या पत्र्याची कड इतकी धारदार होती की तुझ्या अंगठ्यातून रक्त आले आणि तू म्हणालास, नैवेद्य झाला. पडद्यावर मात्र हात आखडायचा नाही, पोट्ट्यांच्या डोळ्यांचा प्रश्न आहे. असे तू एकेक ठरवत गेलास आणि मी प्रत्येक वेळी म्हणत गेलो, "आणि बुद्धी?" तू प्रत्येक वेळी म्हणत गेलास, "धाकटी आणू. धाकटे कामाचे असतात."

दर खेपेला तू माझ्याकडे येऊन विचारत असस, "दादा, आता पुढचा चांगला दिवस कवा?" घरात सोने घ्यायचे झाले तर आई गुरुपुष्याची वाट पाहत असे, गुंजभर का होईना त्याच दिवशी घेत असे. तीच रीत तू संगणकाला लावलीस. मला त्याचे समाधान वाटे. तू देवाधर्मात कधी फारसा रमला नाहीस, पण सरस्वतीचे साधन मुहूर्तावर यावे एवढी श्रद्धा तुझ्यात आहे, असे मी मानले.

मग एकदा माझ्या लक्षात आले. मी पंचांग उघडले आणि म्हणालो, "परवाच गुरुपुष्य आहे." तुझा चेहरा उतरला. तू "बरं" म्हणालास. त्या महिन्यात मुलींकडून फी आली नव्हती आणि तू मागितलीही नव्हतीस. मी पंचांगात पुन्हा डोके घातले आणि म्हणालो, "नाही, थांब. तो योग आपल्या कामाचा नाही. दसऱ्यालाच घे, साडेतीन मुहूर्तांतला आहे." तुझा चेहरा उजळला. पंचांग माझ्यासाठी काय आहे हे तू जाणतोस. काळाचे ते रूप आहे, त्यात मी शाईचा ठिपकाही इकडचा तिकडे केलेला नाही. पण त्या दिवशी आणि पुढेही एक-दोनदा जवळचा दिवस ओलांडून लांबचा दिवस तुझ्या हाती ठेवला, आणि ठेवताना मला देवासमोर दिवा लावल्यासारखे वाटले.

दसऱ्याला मदरबोर्ड आला, त्यावर बसवलेला धाकटा प्रोसेसर आला. मी त्याची पूजा केली, आपट्याचे पान वाहिले, आणि पोथ्यांच्या कपाटात ठेवावा म्हणून माझे सोवळ्याचे रेशमी वस्त्र काढले. तू धावत आलास.

"रेशमात नको गुंडाळू, दादा! रेशीम वीज धरते. बोर्ड मरून जाईल."

"सोवळ्याने मरतो?"

"सोवळ्यानंच मरते."

शेवटी तो आपल्या चंदेरी पिशवीतच राहिला आणि वरून सुती पंचा. दिवाळीच्या पाडव्याला पडदा आणि तबकडी आली. पडद्यावर मी माझे जुने उपरणे घातले. कपाटात पोथ्यांच्या शेजारी ते सगळे भाग वाट पाहत बसले होते. मुले विचारत, "गुरुजी, यात कोणता ग्रंथ आहे?" मी सांगे, अजून लिहायचा आहे.

उरली होती स्मृती. रॅमची पट्टी. ती तू हेतुपुरस्सर शेवटी ठेवली होतीस. "रोज भाव उतरून राहिला, दादा. जितकं थांबू तितकी स्वस्त." दुकानदारानेही मान डोलावली होती. गुढीपाडव्याला गुढी उभारून, कडुलिंब खाऊन तू गेलास, मदरबोर्ड पिशवीत घेऊन. मी गेलो नाही. घरी आलास तेव्हा ऊन डोक्यावर होते. ती नवी, हिरवी पट्टी तू पुढे धरलीस. दाखवण्यासाठी दुकानदाराकडून मागून आणली होतीस.

"बसत नाही."

"जोर लाव."

"जोरानं नाही बसत, दादा. जुन्या पट्टीले दोन खाचा. हिले एकच. जात बदलली."

दुकानदाराशी झालेला संवाद तू मला जसाच्या तसा ऐकवलास. तो म्हणाला होता, "अंकल, वो वाली अब आती नहीं. कहीं मिली भी तो महँगी मिलेगी. आपका बोर्ड पुराना हो गया." तू म्हणालास, "पुराना? अभी तो खोला भी नहीं." त्यावर तो म्हणाला, "बिना खोले पुराना हो गया, अंकल."

ज्या मुहूर्तावर आपण एकेक भाग देवासारखा आणून बसवला, त्या मुहूर्तांची वाट पाहता पाहता ते यंत्र जन्मण्यापूर्वीच वृद्ध झाले होते. लता आणि तिच्या बरोबरीच्या मुलींची परीक्षा समोर आलेली होती. त्यांनी पडद्यावर एक अक्षर उमटलेले पाहिले नव्हते. दोघींचे पालक शंकर नगरच्या संस्थेत चौकशी करून आले होते, हेही तू त्याच दमात सांगितलेस.

माझ्या तोंडून निघून गेले, "तो मधला गुरुपुष्य तुला सांगायला हवा होता."

तू माझ्याकडे पाहिलेस आणि तुझ्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरू लागले. अशा वेळी हसू यावे हे मला आवडले नाही.

"दादा, तुले काय वाटते, मले पंचांग वाचता येत नाही? भिंतीवर कॅलेंडर टांगून आहे. तू गुरुपुष्य गिळला, ते मले तवाच दिसलं."

"मग बोलला का नाहीस?"

"काहून बोलू? तू इतक्या मन लावून लपवून राहिला होता. म्हटलं, शास्त्रीबुवा आपल्यासाठी एवढं करून राहिले, तं करू द्या बिचाऱ्याले."

आतल्या दाराशी शालिनी उभी होती. तिने पदर तोंडाला लावला. मग मलाही हसू आवरले नाही. कधी सुरूच न झालेल्या यंत्रापायी आपण तिघे हसलो, मधू. तेराव्याला आलेल्या कुणालाही मी हे सांगितले नाही. सांगून कळले नसते.

हसून झाल्यावर मी म्हणालो की हा बोर्ड मिळेल त्या भावात देऊन टाक, नवा घे, माझ्याकडे काशीयात्रेसाठी पैसे ठेवलेले आहेत ते वापर. तू एकदम गंभीर झालास.

"तुह्या काशीचे पैसे मशीनीत घालू?"

"विद्यादानासाठी आहेत. तेही पुण्यच."

"ते दान तं मी करून राहिलो ना? माह्या वाट्याचं पुण्य तू काहून घेतो?"

एवढे बोलून तू पिशवी उचललीस आणि निघून गेलास. तो वाद तिथेच राहिला. पुढे मी काशीला जाऊन आलो. घाटावर बसल्या बसल्या तुझ्या त्या प्रश्नाचे उत्तर मला सुचले होते आणि घरी आल्यावर सांगायचे असे ठरवले होते. आल्यावर तू स्टेशनवर उभा होतास, माझी वळकटी खांद्यावर घेतलीस, कोणत्या गाडीने गर्दी कमी असते यावर बोलत राहिलास, आणि ते राहून गेले. आता सांगतो. पुण्य वाटून घेता येत नाही हे तुझे म्हणणे खरे. भार वाटून घेता येतो. तो मात्र तू मला कधी घेऊ दिला नाहीस. थोरल्या भावाला याहून मोठी वंचना कोणती असते, हे धाकट्यांना कळत नाही.

पुढचा जवळजवळ महिनाभर तू दुरुस्तीची दुकाने पालथी घातलीस. जिथे मेलेली यंत्रे उघडून ठेवलेली असतात तिथे तासन्‌तास बसलास. आणि एका दुपारी धापा टाकत आलास. एका जुन्या यंत्रातून काढलेली, दोन खाचांची पट्टी तुझ्या खिशात होती. हवी होती त्याच्या निम्म्या क्षमतेची.

"चालेल सावकाश. पण चालेल. उद्या लावतो."

"उद्या का?"

"आज अमावस्या आहे ना. मी पाहिलं कॅलेंडर."

तू माझ्या तोंडाकडे पाहत होतास. इतकी वर्षे माझी थट्टा करणारा तू, त्या दिवशी खरोखर माझ्या शब्दासाठी थांबला होतास. मी म्हणालो, "आज लाव."

"तू म्हणून राहिला?"

"मुलींची परीक्षा आहे. काळ हा ईश्वरच, मधू. त्याने ही पट्टी ज्या दिवशी हाती दिली तो दिवस अशुभ कसा म्हणू? लाव."

तू पट्टी बसवलीस. दोन्ही बाजूंच्या कड्या टक्‌ करून मिटल्या. पंखा फिरला. पडदा बराच वेळ काळा राहिला, मग त्यावर पांढरी अक्षरे सरसर वर गेली, आणि तू लताला बोलावून तिच्यापुढे तोच जड कळफलक ठेवलास. आता त्याची तार जोडलेली होती. ती बसली, आणि सवयीने मोठ्याने म्हणू लागली: क, ह, र, स, य. मागच्या मुली खिदळल्या.

"अगे, अब बोलने का नहीं, अब दिखता है!" एकजण म्हणाली.

लताने मान वर केली. पडद्यावर तिची अक्षरे एका ओळीत उभी होती, एकही न चुकता. तू माझ्याकडे वळलास आणि म्हणालास, "पाह्य, दादा. तुही बुद्धी अजून वाटच पाहून राहिली."

लता उत्तीर्ण झाली, तिच्याबरोबरच्या आणखी काही झाल्या. आज त्या राजधानीच्या कचेऱ्यांत बसतात. शंकर नगरला चौकशी करून आलेले पालक परत आले. क्लास राहिला. पुढे आणखी यंत्रे आली, सगळी एकेका दिवसात, कोणताही मुहूर्त न पाहता. पण नव्या मुलींना तू त्या पहिल्या यंत्राकडे बोट करून सांगत असस, "यह वाला पंचांग से बना है, इसलिए धीरे चलता है," आणि मी आतून ओरडत असे, "रॅमने हळू चालतो, पंचांगाने नव्हे!" या संवादातला पहिला भाग आता या घरात कोणी बोलणार नाही. दुसरा भाग माझ्या तोंडात तसाच आहे.

आता सध्याचे सांगतो, कारण ते तुला कळले पाहिजे. तू गेलास आणि क्लासला कुलूप लागले. या तुकडीच्या मुलींची परीक्षा जवळ आली आहे. पुन्हा तीच अवस्था, आणि या वेळी जे कमी आहे ते कोणत्याही दुकानात मिळणारे नाही. तेराव्याची पाने उठल्यावर शालिनी माझ्यासमोर आली. डोक्यावर पदर, नजर खाली. म्हणाली, "दादा, पोरींची परीक्षा आहे. क्लास मी घेऊ काय?"

आपली अमरावतीची बहीण, अक्का, तिथेच बसलेली. ती म्हणाली, "बाई, सालभर तरी बाहेरच्या खोलीत बसू नये. लोक काय म्हणतील? दादा, तू शास्त्री आहेस. तूच सांग, हे बरं दिसते का?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. तू असतास तर काहीतरी खोचक बोलून माझी सुटका केली असतीस. मी विचार करायला वेळ घेतला, कारण अक्काने शास्त्राचा आधार मागितला होता आणि शास्त्राच्या नावाने मी आयुष्यात घाईने बोललो नाही. मग म्हणालो, "अक्का, आशौच संपले. त्यापुढे शिकवणारीने शिकवू नये असे मला कुठे आढळले नाही, आणि शोधायला मी जाणारही नाही. बरे दिसते की नाही, ते मुलींना विचार."

अक्का रागावून आत गेली. शालिनीने वाकून नमस्कार केला. मी तिला म्हणालो, "भार माझ्यावरही टाक, सगळा स्वतःवर घेऊ नकोस. मधूने तेवढे शिकवले नसेल तुला." तिने हो म्हणून मान हलवली. तुझ्यापेक्षा ती शहाणी आहे.

आज सकाळी तिने खोली झाडली, खिडक्या उघडल्या. मी संध्या आटोपून इथे, क्लासातल्या एका खुर्चीवर, येऊन बसलो आणि हे लिहू लागलो. तिने मला उठवले नाही. बाहेर सायकली लागल्याचा आवाज आला, मुलींची कुजबुज आली. एक मुलगी आता माझ्या खांद्याशी येऊन उभी आहे, मी तिला ओळखत नाही, तुझी शेवटची विद्यार्थिनी असेल.

"दादाजी, ये मेरी सीट है."

उठतो, मधू.